नाट्यगृहातल्या नृत्यासाठी टेलिफोटो लेन्स घेताय? या चुका टाळा

नृत्याचे फोटो हलले, काळवंडले किंवा दाणेदार आले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या झूमचा. कोल्हापुरात गॅदरिंगचा हंगाम सुरू झाला की हाच प्रश्न चहूकडून येतो. कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम (पहिला जाहीर एकल कार्यक्रम) असतं, कुणी कथकच्या क्लासचे फोटो हौसेने काढून देतं, कुणाला लावणीच्या कार्यक्रमाची पहिली ऑर्डर मिळालेली असते. या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे: बंद सभागृहात अडचण बहुतेक वेळा अंतराची नसते, उजेडाची असते. लेन्स किती उजेड आत घेते ते आधी बघा, ती किती लांबचं जवळ आणते ते नंतर. हा क्रम उलटा झाला की पैसे चुकीच्या लेन्समध्ये अडकतात आणि मग कॅमेरा बदलायची घाई होते.

फ्लॅशचा विषय इथेच संपवतो. रंगमंचावरच्या कलाकाराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याने जे रंग आणि ज्या सावल्या बसवल्या आहेत त्याही त्याने सपाट होतात.

झूमचा आकडा मोठा, ॲपर्चर लहान

किटसोबत आलेली ५५-२५० किंवा नंतर घेतलेली ७०-३०० या लेन्स वाईट नाहीत. सकाळच्या उन्हात रंकाळ्यावरचे पक्षी त्या छान टिपतात. पण त्यांच्यावर 'एफ ४-५.६' किंवा 'एफ ४.५-५.६' असं छापलेलं असतं आणि आपल्या कामाचा आकडा त्यातला दुसरा आहे. झूम पूर्ण ताणलं की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, ५.६ वर येऊन थांबतं; हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. एफ २.८ ची लेन्स याच्या चौपट उजेड आत घेते. दुकानात लेन्स बघताना आपण ती ७० वर ठेवून काउंटरच्या झगझगीत उजेडात दोन फोटो काढतो, तिथे हा फरक कळत नाही. रंगमंचासमोर मात्र लेन्स सतत ताणलेल्या टोकालाच वापरली जाते.

चौपट उजेडाचा अर्थ एका फोटोवर बघू. बऱ्यापैकी उजळलेल्या मंचावर एकटी मुलगी भरतनाट्यम् करते आहे. एफ २.८, शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० ला तिचा फोटो नीट येतो. आता एफ ५.६ ची लेन्स लावली तर दोनच वाटा उरतात. शटर १/१२५ वर आणलं तर चेहरा ठीक येतो, पण अलपद्म (उमललेल्या कमळाची मुद्रा) धरलेली बोटं पुसून जातात. शटर १/५०० वरच ठेवून आयएसओ १२८०० केलं तर बोटं दिसतात, पण काठाची जर, डोळ्यांतलं काजळ आणि कपाळावरची चंद्रकोर दाण्यांत विरघळते. नृत्याच्या फोटोतून बोटं आणि डोळे गेले तर मागे काय उरतं?

नॉइज, म्हणजे हे दाणे, काढणारी सॉफ्टवेअर आता खूप सुधारली आहेत हे खरं, आणि ती जरूर वापरा. पण हललेली बोटं कोणतंही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे परत आणून देत नाही.

मधली वाट म्हणजे ७०-२०० एफ ४. ती २.८ च्या निम्मा उजेड घेते, पण वजनाला आणि किमतीला बरीच हलकी असते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा असेल आणि चांगली प्रकाशयोजना असलेल्या सभागृहातच काम असेल, तर मी तिला नाही म्हणणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये चार हॅलोजनखाली होणाऱ्या गॅदरिंगसाठी मात्र ती कमीच पडते.

"स्टॅबिलायझेशन आहे ना, मग हलेल कसं?"

व्हीआर, आयएस, ओएसएस या सगळ्या नावांचं काम एकच: आपल्या हाताची थरथर सावरणं. समोरच्या कलाकाराची हालचाल त्याने थांबत नाही. मागचा पडदा लख्ख आणि नाचणारी पुसट असा फोटो आला, तर स्टॅबिलायझेशनने आपलं काम चोख केलं आहे आणि शटर कमी पडलं आहे.

शटर किती ठेवायचं हे नृत्यावर ठरतं. अभिनयाच्या पदाला, म्हणजे जिथे चेहरा आणि नजर बोलते तिथे, १/२०० पुरतं. भरतनाट्यममधले अडवू, कथकमधला तत्कार असं पायांचं काम आणि लावणीतली ठसक्याची पावलं यांना १/५०० लागतं. उडी असेल तर १/८०० किंवा वर. कथकच्या चक्रांना १/१००० ने गोठवता येतं, पण मला स्वतःला तिथे उलटं करायला आवडतं: १/६० वर घेर फिरू द्यायचा आणि चेहरा जागेवर सापडेपर्यंत फोटो काढत राहायचे. बरेच वाया जातात, पण जमलेल्या एका फोटोत घागऱ्याचं पूर्ण वर्तुळ उतरतं.

लेन्सइतकीच उपयोगाची गोष्ट म्हणजे तालाकडे कान ठेवणं. तिहाई (तीनदा येणारा बोल) संपून कलाकार समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा क्षणभर पूर्ण स्थिर उभी असते: हात जागेवर, मान वळलेली, नजर प्रेक्षकांत. त्या क्षणी १/१६० लाही काटेकोर फोटो मिळतो. भरतनाट्यममध्ये जती (तालाच्या बोलांची रचना) संपताना असंच थांबणं येतं. लावणीत ढोलकीचा तोडा आला की पुढच्या ठेक्याला काहीतरी अदा होणार हे लक्षात ठेवायचं. सम ऐकून बटण दाबलं तर उशीर होतो, ती येणार हे ओळखून दाबावं लागतं. ज्याला हे साधतं त्याची एफ ४ ची लेन्सही बरंच काम करते. म्हणून लेन्स घेण्याआधी ज्या क्लासचे फोटो काढायचे आहेत त्यांच्या सरावाला कॅमेरा न घेता एकदा जाऊन बसा.

जागा न मोजता लेन्स घेणं

१९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडलं. अनेक फोटोग्राफरांना तिथली रांग, तिथलं अंतर आणि तिथला उजेड तोंडपाठ होता. कार्यक्रम इतर सभागृहांत गेले आणि जुनी सवय उपयोगाची राहिली नाही. शाहू स्मारक, देवल क्लब आणि एखाद्या कॉलेजचा हॉल या तिन्ही ठिकाणी एकच लेन्स सारखी वागत नाही.

हिशोब सोपा आहे. फुल फ्रेमवर कॅमेऱ्याच्या लांब बाजूला किती मीटर दृश्य मावेल ते काढायचं तर ३६ ला (सेन्सरची लांब बाजू, मिलिमीटरमध्ये) अंतराने गुणायचं आणि फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याने, भागायचं. पंधरा मीटरवरून २०० एमएम लावली आणि कॅमेरा उभा धरला, तर साधारण २.७ मीटर उंची मावते. हात वर केलेली पूर्ण कलाकार त्यात बसते आणि पायांखाली थोडी जागाही राहते. आठ मीटरवर बसलात तर त्याच चौकटीला १०५ एमएमच्या आसपास पुरतं. म्हणजे पुढच्या रांगांतून फोटो काढणाऱ्याला ३०० ची गरज जवळपास नसतेच.

क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असेल तर लागणारी फोकल लेंथ आणखी कमी होते: निकॉन, सोनीवर १.५ ने भागा, कॅननवर १.६ ने. याचाच एक तोटाही आहे. क्रॉपवर ७०-२०० ही १०५-३०० सारखी वागते. नऊ मीटर रुंदीचा मंच पंधरा मीटरवरून पूर्ण घ्यायचा तर फुल फ्रेमवर ६० एमएम लागते आणि क्रॉपवर ४०. गळ्यात फक्त ७०-२०० असेल तर समूहनृत्याची सगळी रचना, शेवटचं नमन, गुरूंसोबतची रांग हातातून जाते. सोबत ५० किंवा ३५ ची छोटी लेन्स ठेवाच.

अगदी पहिली रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. तिथून मंचाची कड पावलं कापते आणि कॅमेरा खालून वर बघतो. कथकचा फोटो घुंगरांशिवाय अपुरा वाटतो. मंचाची फळी डोळ्यांच्या पातळीला येईल अशी मधली रांग आणि कडेची खुर्ची ही माझी आवडती जागा आहे. तिथून कुणाच्या पाहण्यात अडथळाही येत नाही.

स्वस्त आणि योग्य लेन्सकडे दुर्लक्ष

८५ एमएम एफ १.८ ला लोक पोर्ट्रेटची लेन्स म्हणून बाजूला ठेवतात. छोट्या सभागृहासाठी आणि मोजक्या बजेटसाठी मी सगळ्यात आधी हिचंच नाव घेतो. एफ २.८ पेक्षाही सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड, ७०-२०० एफ २.८ च्या मानाने किंमत बरीच कमी, हातात हलकी. क्रॉप कॅमेऱ्यावर ती १२७ ते १३६ सारखी होते, म्हणजे आठ-दहा मीटरवरून एकल नृत्याला नेमकी. झूम नसल्याने थोडं कापून घ्यावं लागतं, पण २४ मेगापिक्सेलमधून कापल्यावरही छपाईपुरतं भरपूर उरतं.

फक्त एक सांभाळायचं. फुल फ्रेमवर आठ मीटरवरून ८५ एफ १.८ ला पुढून मागे जेमतेम एक मीटर भाग धारदार येतो. एकटीला ते पुरतं. चौघी मागेपुढे उभ्या असतील तर एफ ४ वर जा, नाहीतर पुढची लख्ख आणि मागची धूसर येईल, आणि मागच्या मुलीच्या आईला ते खटकणारच.

सेकंडहँड घेताना

एफ २.८ ची झूम नवी घेणं अनेकांना परवडत नाही आणि जुनी घेण्यात गैर काहीच नाही. पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली, ऑटोफोकसची मोटर कुठे आहे. निकॉनची जुनी ८०-२०० एफ २.८ डी ही काचेला उत्तम लेन्स आहे, पण तिच्यात स्वतःची मोटर नाही. डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही ती नसते, त्यामुळे या जोडीवर फोकस हातानेच करावा लागतो. जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरने निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यावर लावली तरी तेच. अंधारात नाचणाऱ्या माणसावर हाताने फोकस धरणं फार थोड्यांना जमतं.

दुसरी, बुरशी. आपल्याकडचा पावसाळा लेन्सला सोसत नाही. जूनपासून कपाटात चामड्याच्या बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे धरतात. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. समोरून सरळ बघितलं तर हे दिसत नाही. बुरशी असेल तर स्पॉटलाइट समोर आला की सगळा फोटो दुधाळ होतो. नवी असो वा जुनी, ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या.

लेन्सची पोहोच वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोह या कामात टाळा. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप खातो, २ चा दोन. एवढे पैसे मोजून आणलेलं २.८ मग पुन्हा ५.६ होतं.

वजनाचाही विचार करा. कॅननची ईएफ ७०-२०० एफ २.८ आयएस टू सुमारे दीड किलोची आहे, टॅमरॉनची सोनीसाठीची पहिली ७०-१८० एफ २.८ आठशे ग्रॅमच्या जवळपास, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. दोन तासांच्या मार्गमला (भरतनाट्यमच्या पूर्ण कार्यक्रमाला) दीड किलो हातावर पेलणं कठीण जातं. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या. ट्रायपॉड वाटेत पसरतो आणि उभी चौकट करायला वेळ लावतो.

लेन्स योग्य, तरी फोटो बिघडतो तेव्हा

चेहरा पांढराफटक आला तर कॅमेरा काळ्या पडद्याला भुलून उजेड वाढवतो आहे. मॅन्युअल मोडवर या, चेहऱ्यावरचा उजेड बघून एक्सपोजर ठरवा आणि रॉ मध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. लाल किंवा निळ्या एलईडीखाली नेहमीचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्या दिव्याच्या रंगाचा चॅनेल एकटाच फुटलेला, म्हणजे मर्यादेपलीकडे गेलेला असतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा.

स्पॉटलाइटचे हिरवट ठिपके फोटोत भलतीकडे उमटले तर पुढचा यूव्ही फिल्टर काढा आणि हूड (लेन्सवर सावली धरणारी कडी) लावा. फोकस मागेपुढे शोधत बसत असेल तर लेन्सवरचा लिमिटर जवळचं अंतर वगळणाऱ्या बाजूला सरकवा, फोकस सततच्या मोडवर ठेवा आणि पॉइंट स्वतः निवडा. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो माइकचा स्टँड किंवा पुढच्या रांगेतलं डोकं पकडतो.

फोटोवर आडवे पट्टे आले तर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर तपासा. शांत पदाच्या वेळी कॅमेऱ्याचा खटखट आवाज नको हे अगदी बरोबर आहे, आणि मी तिथे सायलेंटच वापरतो. पण मंद केलेले 'एलईडी पार' प्रकारचे मंचावरचे दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचत असल्याने ते पट्टे फोटोत उतरतात. अँटी-फ्लिकर सोय मुख्यतः विजेच्या १०० हर्ट्झच्या लुकलुकीसाठी असते, इथे ती नेहमी पुरत नाही. मेकॅनिकल शटरवर या किंवा शटरचा वेग थोडा कमी करून बघा. रंगीत तालमीला प्रकाशयोजनाकाराला भेटून मुख्य दिवे एकदा मंद करून दाखवायला सांगा, तेव्हाच दहा-बारा फोटो वेगवेगळ्या वेगांवर काढा आणि कोणत्या वेगाला पट्टे जातात ते वहीत लिहून ठेवा. लेन्स भाड्याने आणून पारखायची असेल तर तीही याच दिवशी आणा, कारण अंतर, दिवे आणि पोशाख तिथे कार्यक्रमासारखेच असतात.