नवे स्पीकर घेण्याआधी आवाज सारखा करून ऐका

दुकानात दोन जोड्या पाठोपाठ ऐकल्या की जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, आणि घरी आणल्यावर हिरमोड होतो. ॲम्प्लिफायर तोच, व्हॉल्यूमही तेवढाच, तरी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) स्पीकर ८६ वाल्यापेक्षा मोठा वाजणारच.

१. पाठ झालेलं एकच रेकॉर्डिंग सोबत न्या. तंबोरा, तबला आणि गळा असलेलं असेल तर उत्तम.

२. मोबाईलवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या. फोन बसायच्या जागी ठेवून प्रत्येक जोडीचा आकडा सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम कमी-जास्त करा.

३. मग डोळे मिटून डग्गा ऐका. घुमारा उमटून विरला पाहिजे, नुसतं धपधप नको. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा.

त्याआधी घरचे जुने स्पीकर एकदा भिंतीपासून फूटभर पुढे ओढून, ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा गोल भाग) कानाच्या उंचीवर येईल असे स्टुलावर ठेवून बघा. माझी अर्धी तक्रार तिथेच मिटली होती.

ॲम्प्लिफायरच्या मागे किमान किती ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप) स्पीकर चालतात ते मात्र वाचून जा. ८ ओहमची मर्यादा असलेल्याला ४ ओहमचे स्पीकर लावले तर तो तापतो, जळूही शकतो.