आरटीएक्स ए६००० लावताय? या चुका टाळा

मागे एका मित्राच्या थ्रीडी स्टुडिओत गेलो तर टेबलावर सेकंडहँड आरटीएक्स ए६०००, म्हणजे एनव्हीडियाचं प्रोफेशनल कामाचं ग्राफिक्स कार्ड, पडलेलं आणि साहेब तापलेले. म्हणे कार्ड डेड आहे, विकणाऱ्याने चुना लावला.

कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. ए६००० वरचं ८ पिनचं सॉकेट गेमिंग कार्डावर असतं ते नाहीच, मदरबोर्डवर सीपीयूला जी ८ पिनची केबल जाते ना, त्या टाईपचं असतं. नवीन घेतलं तर बॉक्समध्ये ॲडॉप्टर वायर मिळते, दोन पीसीआयई केबल (साध्या ग्राफिक्स कार्डाला लागतात त्या) जोडायच्या आणि पुढे एक सीपीयूवाली पिन, पण सेकंडहँडमध्ये नेमकी तीच गायब असते. याने पीसीआयईची केबल अर्धा तास दाबून बघितलेली!! नशीब बसली नाही, कारण दोन्हीत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट्या असतात, बसली असती तर मग खरंच डेड व्हायची भीती. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) दुसरी सीपीयू केबल मागे गुंडाळून ठेवलेली होती, ती लावली, झालं काम.

दुसरा घोळ नावाचा. क्वाड्रो आरटीएक्स ६००० हे २०१८ चं, २४ जीबी मेमरीवालं. आरटीएक्स ए६००० २०२० चं, ४८ जीबी. मग आलं आरटीएक्स ६००० अडा, तेही ४८ जीबी पण पॉवरला १६ पिन आणि एनव्हीलिंक (दोन कार्डं ब्रिजने जोडायची सोय) काढून टाकलेलं, म्हणजे ए६००० चा ब्रिज ठेवलाय म्हणून दोन अडा घेऊन जोडू असा विचार असेल तर विसरा. आणि आता आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेल, ९६ जीबी. नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. विकणारा नुसतं "सिक्स थाउजंड आहे" म्हणाला तर आधी लेबलचा फोटो मागा, पैसे नंतर.

४८ जीबीचे पैसे दिले आणि दिसतात ४५ च, हाही फोन ठरलेला. ते ईसीसी (एरर करेक्शन) चालू असल्यामुळे. मेमरीतल्या चुका पकडायला थोडी मेमरी बाजूला जाते, एवढंच. नुसतं रेंडरिंग (थ्रीडी सीनचं तयार चित्र काढणं) करत असाल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमधून बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, परत येते. सिम्युलेशनवाल्यांनी मात्र चालूच ठेवावं असं माझं मत.

रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ४ टक्के दिसतो म्हणून घाबरू नका, तिथे बाय डिफॉल्ट थ्रीडीचा ग्राफ असतो, त्यावर क्लिक करून क्यूडा (एनव्हीडिया कार्डावरच्या हिशोबाच्या कामाचा ग्राफ) निवडा (विंडोजवर तो ऑप्शनच दिसत नसेल तर कमांड विंडोत एनव्हीडिया-एसएमआय ही कमांड चालवून बघा). ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, सिस्टीममध्ये ऑप्टिक्स (एनव्हीडिया कार्डावर रेंडर करायचा पर्याय) निवडून कार्डावर टिक आहे ना तेही बघा, काहीच निवडलेलं नसेल तर सगळा भार बिचाऱ्या सीपीयूवर. एचडीएमआय पोर्ट शोधू नका, चारही डिस्प्लेपोर्टच आहेत, आणि पोर्ट मिळेना म्हणून मॉनिटर मदरबोर्डला लावणारे महाभाग मी पाहिलेत.

राहिला यूपीएस. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही म्हणून घरचाच ६०० व्हीएवाला लावतात, तो देणार साधारण ३६० वॅट आणि हे कार्ड एकटंच ३०० ओढतं. डेस्कटॉपवर बसेपर्यंत सगळं गोड, रेंडरचं बटण दाबलं की यूपीएस बोंबलतो आणि मशीन बंद. मित्राने त्या दिवशी कार्ड चालू झाल्यावर पहिलं रेंडर लावलं आणि अगदी हेच झालं, परत म्हणाला, "बघ, डेडच आहे."