लाईनवर येणाऱ्या पोरांसाठी: हवालदार मामाची शिकवण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली बरीच पोरं हल्ली मला विचारतात, "ट्रकवर यायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?" कुणी बारावी करून बसलेला असतो, कुणी उद्यमबागेतलं फाउंड्रीचं काम सोडून आलेला, तर कुणी भरतीत मेडिकलला बाहेर पडलेला. त्यांना मी जे सांगतो ते जवळजवळ सगळं माझ्या मामाचं आहे. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, बटालियनच्या एमटी प्लाटूनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तुकडीत, ड्रायव्हर. रेजिमेंटचं सेंटर आमच्या बेळगावातच, त्यामुळे इकडच्या गावांत फौजी माणूस नवा नाही. मामा हवालदार होऊन पेन्शनवर आला. बँकेत गार्ड म्हणून सहज लागला असता, पण त्यानं स्टेअरिंग सोडलं नाही आणि पुढं हात थकेपर्यंत बेळगाव, पुणे, बेंगळुरू, गोवा अशी लाईन मारली. गेल्या पावसाळ्यात तो गेला.

आधी लायसन्सचं सांगतो, कारण तिथंच पोरं गोंधळतात. ट्रकचं लायसन्स थेट मिळत नाही. आधी हलक्या गाडीचं काढायचं, त्याला एक वर्ष झालं पाहिजे आणि वय 20 पूर्ण पाहिजे. मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटली म्हणून मागं राहायचं कारण नाही. हे वर्ष फुकट घालवू नका. क्लीनर म्हणून एखाद्या जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरा. मालक चांगला बघण्याआधी उस्ताद चांगला बघा, असं मामा म्हणायचा आणि मला ते आजही पटतं.

मामा सगळ्यात जास्त जीव लावून करायचा ती फर्स्ट परेड. फौजेत गाडी सकाळी बाहेर काढण्याआधी जी तपासणी होते तिला हे नाव आहे. शक्तिमान ट्रकवर काश्मीरच्या रस्त्यांवर लागलेली ती सवय त्यानं सिव्हिलमध्ये एक दिवसही मोडली नाही. पहाटे अंधारात बॅटरी घेऊन तो ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करायचा. पहिल्यांदा गाडीखाली वाकून जमीन बघायची: रात्रीतून ऑइल, पाणी किंवा डिझेलचा थेंब पडलाय का? मग पाणी, ऑइलची पट्टी, फॅन बेल्ट. मग चाकं. नटाच्या बुडाशी गंजाची बारीक तांबूस रेघ बाहेरच्या बाजूला ओघळलेली दिसली की तो नट ढिला आहे. हाताला कळायच्या आधी ती रेघ सांगते. मागच्या जोड टायरमधला आतला टायर बसला तर बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून प्रत्येक टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारायची. हवा असेल तर टण्ण वाजतं आणि टॉमी उसळून परत येते, नसेल तर नुसता धप्प आवाज. दोन टायरच्या मधे दगड अडकलाय का, तेही तेव्हाच बघायचं. तो दगड वेगात सुटला तर मागच्या मोटरसायकलवाल्याचा जीव जाऊ शकतो. पाट्यांचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) एखादं पान तडकलंय का, हवेच्या टाकीतलं पाणी काढलंय का, फाळक्याच्या (ट्रकच्या मागच्या झडपेच्या) कड्या, ताडपत्रीचे दोर, मागचे दिवे. हे सगळं झाल्याशिवाय तो चावीला हात लावायचा नाही.

अर्धा तास जातो. आडतीत हमाल ओरडतात, मालकाचा फोन वाजत राहतो. मी एकदा घाई केली तर मामा शांतपणे म्हणाला, "गडबड कशाला करूलालास? वाटेत गाडी बंद पडली तर हाच मालक तुलाच विचारणार आहे." नवीन पोरांनी भाडं, वेग, मायलेज सगळं नंतर शिकावं, ही तपासणी आधी. हा अर्धा तास कामाच्या वेळेतलाच आहे.

दुसरी गोष्ट घाटाची. कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडून आलात की तवंदी घाट, पुढं हत्तरगी सोडल्यावर वंटमुरी घाट. हायवे रुंद झाल्यापासून हे सोपे वाटतात आणि त्यातच धोका आहे. गोव्याला भाजी घेऊन चोर्ला किंवा अनमोडनं उतरलात तर घाट म्हणजे काय ते कळेल. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पायातला ब्रेक सतत दाबून धरला की ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं याला मामा सरळ खून म्हणायचा. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा भरत नाही, पॉवर स्टेअरिंगही जड होतं, आणि वीस-पंचवीस टन वजन उताराच्या हवाली. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली. चालकानं उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं तेव्हा तपासातून सांगितलं गेलं. आपण पुण्याला जाताना त्याच उतारावरून जातो.

विश्रांतीबद्दल कायदा आहे, हे बहुतेक ड्रायव्हरांना माहीतच नसतं. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टनं दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवलं होतं; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. रस्त्यावर हे कोण पाळतं, असं तुम्ही विचाराल. बरेच मालक पाळत नाहीत, हे खरं आहे. पण फौजेच्या कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, ठरावीक वेळानं हॉल्ट असतोच, आणि मामानं तो नियम स्वतःपुरता ठेवला: दोन तास झाले की गाडी बाजूला, खाली उतरायचं, गाडीभोवती चालायचं, चाकाच्या हबवर हात ठेवून तापमान बघायचं. पहाटे दोन ते साडेचार तो गाडी हाकायचाच नाही. एका मालकानं यावरून त्याचा भत्ता कापला. मामानं दुसऱ्या दिवशी चावी टेबलावर ठेवली आणि दुसरी गाडी धरली. मला त्याचा सगळ्यात मोठा अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

कागदांचं थोडक्यात. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी एका प्लास्टिकच्या फायलीत, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि बिल दुसऱ्या. माल 50,000 रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल (जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतं आणि त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकलात तर नवा गाडी नंबर त्यात चढवून घ्या. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवता येते, म्हणून मालकाला वेळेत फोन करा. पोच पावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय गोडाऊन सोडू नका. बाकी भाडं त्या कागदावर मिळतं.

आपल्या भागातल्या पोरांना एक गोष्ट जास्त सोपी आहे, ती म्हणजे भाषा. घरी मराठी, बाजारात कन्नड, फौजेमुळे आणि लाईनमुळे हिंदी. हुबळीच्या पुढं गॅरेजवाल्याशी, पोलिसाशी, हमालाशी कन्नडमध्ये बोलणारा ड्रायव्हर लवकर मोकळा होतो. सीमाभागात आपलं दुखणं आहेच. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांच्या पोटात गोळा आला होता. केए-22 ची पाटी आणि तोंडात मराठी, अशा माणसाला दोन्हीकडून प्रश्न येतात. मामा अशा वेळी वाद घालायचा नाही, गाडी धाब्यावर लावून थांबायचा. पण मराठी पेपर त्यानं कॅबिनमधून कधी काढला नाही आणि कन्नड पाट्या अडखळत का होईना वाचायला शिकला. मराठी जपायची आणि कन्नडही शिकायची, दोन्ही एकत्र होतं.

शेवटची काही वर्षं त्याची कंबर गेली होती आणि साखर वाढलेली. धाब्यावरचं तेलकट, तासन्‌तास बसणं, लघवी अडवून धरणं, या सगळ्याचा तो परिणाम, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणून डोळे आणि रक्त वर्षातून एकदा तपासा. ड्रायव्हरला कमी दिसायला लागलेलं सगळ्यात शेवटी त्यालाच कळतं.

मामी आज पेन्शन घेते, कारण मामानं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), जॉइंट खातं सगळं वेळेवर नीट करून ठेवलं होतं. खाजगी गाडीवरच्या ड्रायव्हरला मागं असं काही नसतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात; 18 ते 70 वयाचा, बँक खातं असलेला कुणीही घेऊ शकतो. पहिला पगार हातात आला की बँकेत जाऊन तो फॉर्म भरा, वारसाच्या रकान्यात आईचं किंवा बायकोचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, आणि खात्यात दर मे महिन्यात तेवढे पैसे राहतील याची काळजी घ्या, कारण हप्ता तेव्हा आपोआप कापला जातो.