लँडलाइन न घेता घरी ब्रॉडबँड कसे घ्यावे

घरी ब्रॉडबँड हवे असेल तर आधी लँडलाइन घ्यावीच लागते, ही समजूत डीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या सेवेच्या, काळात रुजली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर आवाज साधारण ४ किलोहर्ट्‌झच्या खाली आणि डेटा त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारितांवर धावत असल्याने दोन्ही सेवा एकाच तारेने येत आणि बहुधा एकत्रच विकल्या जात. तांत्रिकदृष्ट्या डेटाला फोन नंबरची गरज तेव्हाही नव्हती. डायल टोन नसलेल्या तारेवरही डीएसएल चालते आणि काही कंपन्या तशी सेवा देतात. मात्र एक्सचेंजपासूनचे अंतर वाढते तसा तिचा वेग झपाट्याने घटतो, म्हणून दुसरा मार्ग उपलब्ध असताना केवळ सवयीने ती निवडू नये.

शोधाची सुरुवात आपल्या घरापर्यंत नेमके काय पोहोचते, येथून करावी. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता घालून पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. त्याच इमारतीत किंवा गल्लीत कोणाची जोडणी आहे आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिचा वेग किती टिकतो, हे शेजाऱ्यांकडून कळते ते अधिक खरे असते.

फायबर घरापर्यंत येत असेल, तर माझ्या मते पुढे फारसा विचार करण्याची गरज नाही. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश ओएनटी नावाचे छोटे उपकरण विद्युत संकेतात बदलते आणि तेथून राउटरला जोडणी मिळते. यात टेलिफोन लाइनचा संबंधच येत नाही. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या फायबर पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद इतकी क्षमता एका स्प्लिटरवरील (एका तंतूतील प्रकाश अनेक तंतूंत विभागणाऱ्या उपकरणावरील) घरांत, म्हणजे अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत, वाटली जाते. तार आणणाऱ्या तंत्रज्ञाला ती कोपऱ्यात घट्ट वाकवू देऊ नये, कारण तीव्र वळणातून प्रकाश गळतो आणि सिग्नल क्षीण होतो. ओएनटी व राउटर विजेवर चालतात, त्यामुळे वीज जात असेल तर दोन्हींसाठी लहान यूपीएस घ्यावा.

फायबर नसेल आणि टीव्हीची केबल येत असेल, तर तिच्या चालकाकडे इंटरनेट मिळते का ते विचारावे. त्यात डाउनलोडच्या तुलनेत अपलोडचा वेग बराच कमी असू शकतो, म्हणून घरून व्हिडिओ बैठका घेणाऱ्यांनी दोन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत.

तार टाकणेच शक्य नसेल, तर सिमवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर घ्यावा आणि तो खिडकीजवळ, टॉवरच्या दिशेला ठेवावा. डेटाची मर्यादा किती, ती संपल्यावर वेग किती उरतो, हे लेखी घ्यावे. अशा जोडणीत बहुधा अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) मिळतो, त्यामुळे घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडण्यात अडचण येऊ शकते. उपग्रह इंटरनेट हा दुर्गम जागेचा आधार आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने संदेशाच्या जाण्या-येण्यात अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो आणि बोलताना तो जाणवतो. खालच्या कक्षेतील उपग्रहांत हा विलंब कितीतरी कमी असतो.

जोडणी सुरू झाली की वेग वाय-फायवर न मोजता, लॅन केबलने संगणक थेट राउटरला जोडून मोजावा. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरवते, हे ध्यानात ठेवले म्हणजे नाहक तक्रार होत नाही.

आधीपासून लँडलाइन असेल, तर नवी जोडणी काही दिवस नीट चालल्याखेरीज ती बंद करू नये, कारण डीएसएल त्याच तारेवर असल्यास फोन बंद करण्याच्या अर्जासोबत इंटरनेटही बंद होऊ शकते. जुना नंबर ठेवायचा असल्यास तो नव्या सेवेवर हलवता येतो का, हे बंद करण्याचा अर्ज देण्यापूर्वीच विचारावे. एकदा परत गेलेला नंबर पुन्हा मिळेलच असे नाही.