हिरोचा खरा बाप कोण? फॅन्टसी लिहिताय तर या चुका टाळा

तीन-चार वर्षांपूर्वी मी मोबाईलवर एक फॅन्टसी मालिका लिहीत होतो, आठवड्याला एक भाग, आणि अठराव्या भागात विजा कडाडल्या, म्हातारा सेनापती गुडघ्यावर बसला आणि आमच्या गुरं राखणाऱ्या हिरोला म्हणाला की युवराज, या गादीचे खरे वारस तुम्हीच. लिहून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला होता. खाली पहिली कमेंट आली, "हे दुसऱ्या भागातच कळलेलं. पुढे?"

आधीच कळलं याचं मला एवढं नाही वाटलं, पण तो "पुढे?" फार लागला, कारण पुढे काय हे मी ठरवलंच नव्हतं. बाप कळला, झालं, संपलं. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणांनी त्यांच्या कथा वाचायला दिल्या, आणि काय सांगू, सगळ्यांचं घोडं तिथंच पेंड खात होतं. म्हणून हे लिहितोय.

चूक १: वाचकाला कळू नये म्हणून सगळं लपवणं

आपल्याला वाटतं वाचकाने आधी ओळखलं म्हणजे ट्विस्ट मेला. तसं नसतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या जॉन स्नोचंच घ्या (पुढे सगळे स्पॉयलर आहेत, इतक्या वर्षांनी आता त्याबद्दल माफी वगैरे मागत नाही). जॉर्ज मार्टिनचं त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक १९९६ ला आलं आणि नेटवर कीस पाडणाऱ्या मंडळींनी लवकरच गणित मांडलं की जॉन हा नेड स्टार्क या सरदाराचा अनौरस मुलगा नाहीच, तो नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा मुलगा आहे, म्हणजे नेडचा सख्खा भाचा. टीव्हीवर ते दिसलं २०१६ मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडला. मधे वीस वर्षं गेली, मला सगळं माहीत होतं, आणि तरी त्या बाळाच्या चेहऱ्यावरून थेट जॉनच्या चेहऱ्यावर कट झाला तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो.

का? कारण पुस्तकातला प्रत्येक क्लू आधी दुसरं काहीतरी काम करत असतो. नेडला पाय मोडून तापात स्वप्न पडतं, त्यात डॉर्नच्या डोंगरातला एक बुरुज, सात जण विरुद्ध राजाचे तीन अंगरक्षक, आणि आत मरणाला टेकलेली बहीण, जी त्याच्याकडून कसलंतरी वचन घेते. पहिल्यांदा वाचताना आपण ते नेडचं दुःख म्हणून वाचतो, क्लू म्हणून वाचतच नाही. मग कधीतरी डोक्यात येतं की अरे, राजा मेला, राजपुत्र मेला, लढाई हरली, तरी राज्यातले तीन नंबर एक तलवारबाज तिकडे आडबाजूला एका बुरुजाची राखण करत का थांबलेत? कोणाची राखण? हा प्रश्न पुस्तक स्वतः विचारत नाही, तो वाचकाला पडतो, आणि स्वतःला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर वाचक वीस वर्षं सांभाळून ठेवतो.

आणि नेड बायकोला जॉनबद्दल काय सांगतो तर तो माझ्या रक्ताचा आहे, बाकी विचारायचं नाही. खोटं आहे का ते? भाचा रक्ताचाच की. लपवणारा माणूस खरे शब्द वापरून लपवतो तेव्हा दुसऱ्यांदा वाचायला मजा येते. आपल्या कथांमधे काय होतं, म्हातारी दाई सतराव्या भागापर्यंत सरळ खोटं बोलत असते आणि अठराव्यात अचानक म्हणते आता सांगायची वेळ आली. वाचकाला फसवल्यासारखं वाटणारच.

यावर उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा आहे: तुमचे सगळे क्लू कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा क्लू नसता तरी हा सीन कथेत राहिला असता का. नसता राहिला? मग तो क्लू नाही, बाणाची पाटी आहे.

चूक २: "योग्य वेळ आली की सांगेन बाळा"

हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहिलंय त्यामुळे कोणावर हसत नाहीये. पण गुपित ठेवणाऱ्याला कारण पाहिजे आणि त्या गुपिताची किंमत त्याने रोज मोजली पाहिजे. नेडचं कारण पहिल्याच पुस्तकात समोर आहे, रेगारच्या दोन लहान लेकरांना राजधानी पडली तेव्हा मारलं गेलं आणि नवा राजा रॉबर्ट, नेडचा जिवाभावाचा दोस्त, त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. म्हणजे तिसरं लेकरू आहे हे कळलं असतं तर? आता किंमत बघा. नेड, ज्याची ओळखच अब्रूदार माणूस अशी, त्याने आयुष्यभर बाहेरून पोर आणलं हा डाग अंगावर घेतला, आणि त्याची बायको त्या पोराचा घरात रोज दुस्वास करत राहिली, आणि तो एका वाक्यात हे सगळं थांबवू शकत होता पण बोलला नाही. मामाने भाच्यासाठी एवढं केलं. पुस्तकांवर टीव्ही मालिका करायला आलेल्या दोघांना मार्टिनने जॉनची आई कोण असं विचारलं होतं, हा किस्सा ते दोघं स्वतःच सांगतात, आणि मला तरी तो प्रश्न बरोबर वाटतो, कारण बापापेक्षा आई कोण यातच नेडच्या गप्प बसण्याचं उत्तर आहे.

तुमच्या सेनापतीने अठरा वर्षं तोंड उघडलं नाही तर का नाही उघडलं, आणि त्यापायी त्याचं काय गेलं? काहीच गेलं नसेल तर वाचक म्हणणार, मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना.

चूक ३: जन्मखूण, लॉकेट, अंगठी

पाठीवर सूर्याच्या आकाराची खूण. बास करा आता.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, मग कर्णाची कवचकुंडलं? ती पण खूणच की. हो, पण ती लपवलेली नाहीत, सगळ्या जगाला दिसतायत, त्यांचा लढाईत उपयोग आहे, आणि युद्धाआधीच इंद्र येऊन ती मागून नेतो. जन्माचा पुरावा हाच जिवाचा पहारा, आणि कर्ण तो स्वतःच्या हाताने कापून देतो. तुमच्या लॉकेटने असं काही करून दाखवलं तर ठेवा खुशाल.

त्याहून भारी क्लू महाभारतात आहे आणि त्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. शांतिपर्वात, सगळं संपल्यावर, युधिष्ठिर म्हणतो की द्यूतसभेत कर्ण वाट्टेल ते बोलत होता, मला संताप येत होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग विरघळायचा, कारण ते पाय आमच्या आईच्या पायांसारखे होते, आणि असं का हे मला तेव्हा काही केल्या उमगेना. पाय! खूण नाही, अंगठी नाही, घरातल्या माणसाचे पाय. आपण पण म्हणतोच ना की चालतो अगदी काकासारखा, हसला की आजी दिसते. डोळ्यासमोर आहे, मनाला जाणवतंय, पण अर्थ लागत नाही. असा एक क्लू लिहायला मला जमला तर मी बाकी सगळं फाडून टाकीन.

चूक ४: कोणाला कधी कळतं याचा हिशेबच नाही

बहुतेक जण एकाच सीनमधे हिरो, व्हिलन, हिरॉईन, वाचक, राजदरबार आणि दारावरचा शिपाई सगळ्यांना एकदम सांगून टाकतात. म्हणजे पाच फटाके एकाच वातीला बांधले, एकदा आवाज झाला की खेळ खलास.

कर्णाचं बघा. आपल्याला आदिपर्वातच कळतं. कर्णाला तोंडावर सांगतो कृष्ण, शिष्टाई फसल्यावर, युद्ध दारात असताना, आणि आमिष काय तर तू थोरला पांडव, राज्य तुझं. मग कुंती येते. आणि पांडवांना कळतं तो मेल्यावर, स्त्रीपर्वात, तिलांजली द्यायच्या वेळी कुंती म्हणते त्याच्या नावानेही पाणी सोडा, तो तुमचा मोठा भाऊ. एकच गुपित आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या काळजात घुसतं. त्यातही सगळ्यात खतरनाक जागा म्हणजे कर्ण कृष्णाला सांगतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नको, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे आता गुपित ठेवणारा हिरो स्वतःच झाला! आणि युधिष्ठिराला शेवटी कळतं तेव्हा तो आईवर एवढा भडकतो की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप देतो, चूक एका घरातली आणि शिक्षा सगळ्या बायकांना, असो.

बाहुबलीवाल्यांनी याच हिशेबात वेगळी चलाखी केली. माहिष्मतीत पुतळा उभारताना एक मजूर हिरोचा, म्हणजे शिवूडूचा, चेहरा बघतो आणि गर्दी बाहुबलीच्या नावाचा गजर सुरू करते, म्हणजे हिरोच्या आधी गावाला कळलं. बाप कोण हे २०१५ च्या पहिल्या भागातच सांगून मोकळे झाले. त्यांनी राखून काय ठेवलं तर कटप्पाने बाहुबलीला का मारलं. दुसरा भाग २०१७ ला आला, तोपर्यंत दोन वर्षं अख्खा देश तेच विचारत होता. म्हणून तुमचं "कोण" जर वाचक ओळखतच असतील तर ते लवकर देऊन टाका, "का" मुठीत ठेवा.

चूक ५: हिरो खोलीत नसताना रिव्हील

ही मोठ्यांनी पण केली. गेम ऑफ थ्रोन्सच्या सातव्या सीझनमधे जॉनच्या आईबापाचं रीतसर लग्न झालेलं होतं हा मुद्दा गिली एका जुन्या वहीतून वाचते आणि तिचा जोडीदार सॅम, जॉनचा दोस्त, तिला मधेच तोडतो, हा सीन मला आवडतो, गंमत आहे त्यात. पण मग शेवटच्या एपिसोडला सॅम आणि नेडचा मुलगा ब्रॅन दोघं खोलीत बसून हिशेब जुळवतात, जॉन तिकडे बोटीवर, त्याला पत्ताच नाही. आठव्याच्या सुरुवातीला सॅम त्याला तळघरात, घराण्याच्या थडग्यांमधे सांगतो, जागा एकदम बरोबर. पण जॉन हे आपल्या बहिणींना सांगणार, आर्या आणि सान्साला, ज्या सीनची आम्ही वाट बघत होतो, तिथे तो ब्रॅनला म्हणतो सांग, आणि कट! आर्याचं तोंड कसं झालं ते आम्हाला दाखवलंच नाही. आर्या, जिचा तो सगळ्यात लाडका भाऊ. एवढं राबून शिजवलं आणि वाढायच्या वेळी ताट उचललं.

शेवटी गादी ब्रॅनला, जॉन परत उत्तरेच्या सीमेवरच्या भिंतीकडे, आणि एगॉन टारगेरियन या त्याच्या खऱ्या नावाचा वापर काय झाला तर गादीवर दावा सांगणारी त्याची प्रेयसी डॅनी घाबरली एवढाच. माझ्या त्या वाचकाने इथेही विचारलं असतं, पुढे?

चूक ६: मधेच बाप बदलणं

स्टार वॉर्सच्या नव्या तीन सिनेमांत रे ही हिरॉईन मुळात कोण हा प्रश्न २०१५ ला टाकला, २०१७ ला सांगितलं तिचे आईबाप कोणीच नव्हते, २०१९ ला सांगितलं ती व्हिलन सम्राट पॅल्पटीनची नात. सुरू करायच्या आधी ठरवा, कागदावर लिहा, कपाटात ठेवा. जुन्यात पण हिरो ल्यूक आणि राजकन्या लेया १९८३ ला भाऊबहीण निघाले आणि १९८० च्या सिनेमात त्यांचा किस आहे. आधी ठरलेलं नसलं की असं होतं.

चूक ७: वाढवणारे गायब

रक्त राजाचं निघालं की पोराला तलवार आपोआप यायला लागते आणि ज्या बाईने त्याला भाकर घालून मोठं केलं ती पुढच्या भागात दिसतच नाही. मला ही चूक सगळ्यात जास्त खटकते. कारण मग कथेचा अर्थ असा निघतो की गुण जन्मावरून येतात, आणि आपल्याकडे हे वाक्य कुठे कुठे वापरलं गेलंय ते वेगळं सांगायला नको.

कर्ण कृष्णाला नकार देताना तत्त्वज्ञान सांगत बसत नाही, घरच्या गोष्टी सांगतो. मला घरी आणल्याबरोबर राधेला माझ्या मायेने दूध फुटलं, तिने माझं मुतपाणी काढलं, अधिरथाने माझे जातकर्म केले, मोठा झाल्यावर सुतांच्या घरातल्या मुली बघून लग्नं लावून दिली, मला मुलंबाळं आहेत, आता सगळी पृथ्वी दिली तरी हे खोटं कसं म्हणू. रिव्हील नंतरचा सीन कसा लिहायचा असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवतो. तुमचा हिरो राजवाड्याकडे निघायच्या आधी त्या आईसमोर उभा राहिलाच पाहिजे, आणि तिला बोलायला चार वाक्यं द्या, नुसती पदराने डोळे पुसणारी ठेवू नका. कदाचित ती चिडेल. माझी चिडली, नवीन लिहिताना, आणि मला स्वतःला माहीत नव्हतं ती एवढं बोलेल.

अजून एक राहिलं, चूक म्हणा किंवा काय म्हणा: वर्षं मोजा. गर्भ कधी राहिला, लढाई कधी झाली, बाप कधी मेला, पोर आज केवढं आहे. माझ्या मालिकेत राजा वीस वर्षांपूर्वी मेला असं चौथ्या भागात आहे आणि हिरो अठराव्या भागात म्हणतो मी नुकताच अठराचा झालो. महिनोन् महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एका काकूंनी कमेंट केली, "भाऊ, राणीसाहेबांचे दिवस जरा जास्तच लांबले का?" त्याला एकशे चौदा लाईक आहेत, माझ्या सगळ्या भागांपेक्षा जास्त, आणि तो भाग मी अजून दुरुस्त केलेला नाही.