सोडियम पीसीए घालताच कार्बोमर जेल पातळ होतं? हा उपाय लागू पडला

लक्षण: कार्बोमरचं (पाणी घट्ट करणारा कृत्रिम पॉलिमर) घट्ट, पारदर्शक जेल कोरफडीचा रस आणि २ टक्के सोडियम पीसीए (ओलावा धरून ठेवणारा क्षार) घातल्यावर मिनिटभरात पाण्यासारखं व्हायचं. कार्बोमर ०.५ वरून ०.८ टक्के केलं, ट्रायइथेनॉलअमाइन (कार्बोमर फुलवणारा अल्कली) वाढवलं, पीसीए थेंबाथेंबाने घातलं. फरक पडेना, अक्षरशः वैताग आला.

कार्बोमरच्या साखळ्या ऋण प्रभारांच्या प्रतिकर्षणामुळे फुलतात. क्षारांतले सोडियम आयन ते प्रतिकर्षण दाबतात आणि साखळ्या आक्रसतात. म्हणजे प्रमाण बदलून भागणार नव्हतं, जेल बांधणारा घटकच बदलावा लागला: कार्बोमरऐवजी क्षारांना दाद न देणारा झँथन गम.

१०० ग्रॅमसाठी: १ ग्रॅम झँथन गम (पारदर्शक ग्रेडचा) आधी ५ ग्रॅम ग्लिसरिनमध्ये कालवा. कोरडा गम थेट पाण्यात टाकलात तर होणाऱ्या गुठळ्या मोडता मोडत नाहीत. सतत ढवळत ८१ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी ओता, तासभर मुरू द्या. मगच १० ग्रॅम कोरफडीचा रस, २ ग्रॅम सोडियम पीसीए आणि शेवटी १ ग्रॅम फिनॉक्सीइथेनॉल-एथिलहेक्सिलग्लिसरिन (जेल टिकवणारं परिरक्षक). पीएच तपासा, जास्त असेल तर सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ५.५ वर आणा.

स्पर्श किंचित बुळबुळीत वाटला तर गम ०.८ ग्रॅम घ्या. यात कॅटायनिक (धन प्रभाराचा) कंडिशनर मात्र घालू नका, साका बसतो.