अमेरिकेची जमीन खरेदी: उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेवाल्या मुलामुलींच्या नोट्स मी नेहमी वाचते. अमेरिकेच्या विस्ताराचा मुद्दा आला की बहुतेकांकडे एकच वाक्य असतं, "१८०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसनने फ्रान्सच्या नेपोलियनकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला घेतलं." वाक्य बरोबर आहे, पण त्याच्या पुढे दोन ओळी लिहिल्या की घोळ सुरू होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लुइझियाना म्हटलं की आजचं तेवढं एक राज्य डोळ्यासमोर आणणं. नकाशा उघडा आणि मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वतापर्यंत बोट फिरवा, २१ लाख चौरस किलोमीटरच्या वर जमीन आहे ती, आजच्या १५ राज्यांचा पूर्ण किंवा थोडा थोडा भाग त्यात येतो. देश जवळजवळ दुप्पट झाला. आणि नेपोलियन तेव्हा सम्राट नव्हता हं, फर्स्ट कॉन्सल म्हणजे फ्रेंच सरकारचा प्रमुख होता, सम्राट १८०४ ला झाला.

दुसरं, "जेफरसनने एवढा प्रदेश घ्यायचं आधीच ठरवलं होतं" असं लिहू नका. त्याला मुख्यतः न्यू ऑर्लीन्स बंदर हवं होतं. केंटकी, ओहायोकडचे शेतकरी पीठ, तंबाखू, खारवलेलं मांस सपाट तळाच्या होड्यांमध्ये भरून नदीतून खाली आणायचे आणि समुद्री जहाज मिळेपर्यंत माल न्यू ऑर्लीन्सच्या गोदामात ठेवायचे. प्रदेश स्पेनकडून फ्रान्सला द्यायचं ठरलं होतं, पण कारभार अजून स्पेनकडेच होता, आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ही सोयच बंद केली, मग विचार करा त्या माणसांची काय अवस्था झाली असेल, वर्षभराची कमाई होडीत आणि उतरवायला जागा नाही. म्हणून जेफरसनने मन्रोला खास दूत म्हणून पॅरिसला पाठवलं. तो पोहोचायच्या आदल्याच दिवशी, ११ एप्रिलला, फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरांने तिथला अमेरिकन राजदूत लिव्हिंग्स्टनला विचारलं की अख्खं लुइझियाना घेता का, किती द्याल?

आता विकलं का, तर फक्त "युद्धासाठी पैसे हवे होते" एवढंच लिहून थांबू नका. ज्या बेटावर आजचा हैती आहे तिथे फ्रान्सची साखर पिकवणारी वसाहत होती, तिथल्या गुलामांनी उठाव करून फ्रेंच सैन्याला जेरीस आणलं, पिवळ्या तापाने हजारो सैनिक गेले, सेनापती लक्लेर्कसुद्धा गेला. साखरेचं बेटच हातातून चाललं तर त्याला धान्य पुरवणारा लुइझियाना ठेवून करायचं काय? हैतीचं नाव नसलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं.

रकमेतही गल्लत होते. फ्रान्सला ६ कोटी फ्रँक, आणि अमेरिकन व्यापाऱ्यांचं फ्रान्सकडे जे येणं होतं ते २ कोटी फ्रँकपर्यंत अमेरिकेने स्वतःच्या अंगावर घेतलं, दोन्ही मिळून दीड कोटी डॉलर. चतुःसीमा तर करारात धड लिहिल्याच नव्हत्या. उत्तरेची हद्द १८१८ ला ब्रिटनशी आणि स्पेनशी असलेली १८१९ ला ठरली.

सगळंच "विकत घेतलं" या एका खात्यात टाकू नका. टेक्सास १८४५ ला सामील करून घेतलं. फ्लोरिडासाठी स्पेनच्या हातात रोख रक्कम पडली नाही, ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे अमेरिकेने भागवायचे ठरले. १८४८ ला कॅलिफोर्नियासकट मोठ्या प्रदेशासाठी मेक्सिकोला दीड कोटी डॉलर दिले, पण ते युद्ध जिंकल्यावर, राजधानी ताब्यात असताना, त्याला साधी खरेदी म्हणणं मला पटत नाही.

आणि जी चूक मला सगळ्यात जास्त खुपते ती ही, की जमीन रिकामी होती असं धरून लिहिणं. आपल्याकडे खरेदीखत झालं तरी कब्जा कोणाचा आहे ते आधी बघतात ना, इथेही तेच बघा. फ्रान्सचा त्या मैदानांवर कब्जा जवळजवळ नव्हताच, तिथे ओसेज, लाकोटा, पॉनी असे कितीतरी मूळ रहिवासी लोक राहत होते आणि त्यांना कोणी विचारलं नाही. अमेरिकेला मिळाला तो इतर युरोपीय देशांना बाजूला ठेवून त्या लोकांकडून जमीन घेण्याचा हक्क. मग करार, दबाव, लढाया असं कित्येक दशकं चाललं. १८०८ च्या एकाच करारात ओसेज लोकांची आजच्या मिसूरी आणि आर्कान्सामधली प्रचंड जमीन गेली.

अलास्काचंही तसंच. १८६७ ला रशियाला ७२ लाख डॉलर दिले, एकरी साधारण २ सेंट, हे सगळे लिहितात. पण तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्काचा कायदा व्हायला १९७१ उजाडलं, आणि त्यात त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर द्यायचं ठरलं.